घर फेडलं, कर राहिला

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय 81. घराचं कर्ज फिटून वीस वर्षं झाली, तरी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असा वर्षातून चारदा त्यांचा चेक नगरपालिकेकडे जातोच. "घर माझं, पण भाडं चालूच," म्हणतात. खोटं नाही ते. या राज्यात घरपट्टीचं सरासरी बिल वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर आहे आणि त्यातला जवळजवळ अर्धा पैसा शाळांना जातो.

त्यामुळे "तिकडे म्हाताऱ्यांना कर माफ असतो ना?" असं पुण्याहून कुणी विचारलं की हसू येतं. 'सीनियर फ्रीझ' नावाची योजना आहे खरी. वय 65, उत्पन्न मर्यादेच्या आत, काही वर्षं त्याच घरात वास्तव्य, एवढं जुळलं की कर एका वर्षाच्या आकड्यावर गोठतो. पण आधी पूर्ण भरायचा. वाढलेला फरक राज्य सरकार नंतर परत करतं.

आपल्याकडे तऱ्हा वेगळी. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फूट चटईक्षेत्रापर्यंतच्या घरांना मालमत्ता कर नाही. मोजायची ती चटई, माणूस नाही. 480 फुटांतला तिशीचा इंजिनिअर सुटतो, 520 फुटांतल्या निवृत्त बाई भरतात. पुण्यात स्वतः राहत्या घराला 40 टक्के सवलत. 2023 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मधल्या काळात सवलत गेलेल्यांना पीटी-3 अर्ज भरावा लागला. पुण्यातले आमचे आप्पा फोनवर म्हणाले, "पस्तीस वर्षं इथे राहतोय आणि आता मी इथेच राहतो हे सोसायटीकडून लिहून आणू?" मग गोदरेजच्या कपाटातून गॅसचं पुस्तक निघालं.

ज्येष्ठांना घरपट्टी सरसकट माफ करा, ही मागणी मला पटत नाही. आप्पांचं वर्षाचं बिल सोसायटीच्या मेन्टेनन्सपेक्षा कमी आहे. करापायी त्यांना घर विकावं लागणार नाही. शेजारच्या आजींच्या दोन मैत्रिणी मात्र त्याच कारणाने घर विकून पेनसिल्व्हेनियात गेल्या. आप्पांना हवंय ते एवढंच, की वय आणि पत्ता एकदा नोंदवला की पुन्हा पुरावे मागू नयेत, आणि वाढ करायचीच तर पेन्शनकडे बघून करावी.

यंदा मे महिन्यात "इथून ऑनलाइन भरून टाकतो" म्हटलं, तर रागावले. "बिल माझ्या नावाचं आहे. आणि खड्ड्यांवरून नगरसेवकाला झापायला मग तू येणार आहेस का?"