‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

स्पोकन इंग्लिशच्या क्लासांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर एक सूत्र वर्षानुवर्षं फिरतंय: मराठी वाक्याच्या शेवटी ‘ला होता, ली होती, ले होते’ आलं की डोळे मिटून ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप लावा. जोडीला दोन पोटनियम. गोष्ट फार जुनी असेल तर ‘हॅड’, आणि घटना दोन असतील तर आधीचीला ‘हॅड’ लावलाच पाहिजे. पाठ करायला सोपं आहे, एवढाच या सूत्राचा गुण.

सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, ‘काल कुठे होतास?’ तर आपण म्हणतो, ‘पुण्याला गेलो होतो.’ मराठीत ‘तो पुण्याला गेला’ म्हणजे गेला, अजून तिकडेच असेल. ‘गेला होता’ म्हणजे जाऊन आला. आपला ‘होता’ त्या गोष्टीचा हिशेब मिटल्याचं सांगतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’कडे हे खातंच नाही. तिथे ‘आय वेन्ट टू पुणे यस्टरडे’, बस्स. ‘आय हॅड गॉन’ म्हणालात की ऐकणारा थांबून राहतो: बरं, गेला होतात, मग पुढे काय झालं? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका परदेशी ग्राहकाला फोनवर ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे’ म्हणालो होतो. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, ‘अँड?’ माझ्याकडे ‘अँड’ नव्हतं. (आत्ताही बघा, मी सहज ‘म्हणालो होतो’ लिहून गेलो. इंग्रजीत ते नुसतं ‘सेड’.)

‘मी तुला सांगितलं होतं ना!’ हा घरोघरचा टोमणा इंग्रजीत ‘आय टोल्ड यू!’ असा मारतात. ‘फोन केला होतास का?’ म्हणजे ‘डिड यू कॉल?’ शाळेत मराठीच्या तासाला ‘गेला होता’ हा पूर्ण भूतकाळ, इंग्रजीच्या तासाला ‘हॅड गॉन’ हा पास्ट परफेक्ट. नावं जुळली म्हणून आपण त्यांना जुळी भावंडं मानून बसलो.

जुनं म्हणजे ‘हॅड’, हे तर अजिबातच नाही. डायनॉसॉर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नामशेष झाले. इंग्रजीत ‘डाइड आउट’, साधा भूतकाळ. शिवराज्याभिषेक 1674 चा, तिथेही ‘टुक प्लेस’. उलट आज सकाळी दोन मिनिटांनी हुकलेल्या 8:43 च्या लोकलला ‘हॅड लेफ्ट’ लागू शकतं.

दोन घटनांच्या नियमात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त चिवट. लोकलचंच घ्या. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट’: मी पोचलो आणि डोळ्यांदेखत गाडी हलली. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’: मी पोचलो तेव्हा समोर नुसते रूळ. इथे ‘हॅड’ काढला तर गोष्टच बदलते, तेव्हा तो हवाच. पण वाक्यात ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल तर आधी काय, नंतर काय हे त्या शब्दानेच सांगून टाकलेलं असतं. ‘आय लॉक्ड द डोअर बिफोर आय लेफ्ट’ हे चोख इंग्रजी आहे. ‘हॅड लॉक्ड’ चूक नाही, पण बहुतेक वेळा गरजही नाही.

आणि घडलं त्याच क्रमाने सांगत असाल – उठलो, चहा घेतला, पेपर चाळला, निघालो – तर घटना दोन असोत की वीस, एकीलाही ‘हॅड’ नको. तो लागतो सांगता सांगता मागे वळावं लागतं तेव्हा. निघालो, स्टेशनवर आलो, आणि खिसा चाचपल्यावर कळलं की पास घरीच राहिला: ‘आय हॅड लेफ्ट माय पास अ‍ॅट होम’. पुढचं धावतपळत घरी जाणं पुन्हा साध्या भूतकाळात.

परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ असेल तर मुलांनी ‘आफ्टर’नंतर खुशाल ‘हॅड’ लिहावा, तपासणारे बहुधा तोच शोधत असतात. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र ‘आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे’ लिहिलं असेल, तर पाठवण्याआधी त्यातला ‘हॅड’ खोडून वाक्य एकदा वाचून बघा. काही हरवलंय का?