‘भंगाराचे साडेचारशे रुपये’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

गेल्या रविवारी तुम्ही चौघं आमच्या वाड्यात बाटल्यांच्या झाकणांचे मासे करायच्या कार्यशाळेला आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. भिंतीवरच्या चित्रांचे पोपडे सुटलेत, चौकात दोरीवर कपडे वाळत होते, धाकट्याचा मासा अर्धा राहिला, ही तुमची तिन्ही वाक्यं खरी आहेत. दोन तारे दिलेत, तेही घेतले. पण शेवटी जे लिहिलंत, ‘फुकट मिळणाऱ्या भंगाराचे माणशी साडेचारशे उकळतात’, त्यातला ‘उकळतात’ हा शब्द तीन दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

झाकणं फुकट मिळत नाहीत सर. ती आम्ही कचरा वेचणाऱ्या दोन मावशींकडून विकत घेतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. कुठल्या मालाला काय भाव हे या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि कळायलाच हवं. रंगवार निवडून द्यायचं तर त्यांचा अर्धा दिवस मोडतो, म्हणून भंगारवाला किलोला देतो त्याच्या दुप्पट आम्ही देतो. पांढरी आणि निळी पोत्याने येतात. जांभळं झाकण महिन्याला मूठभर मिळालं तरी आमच्याकडे सण असतो.

आल्यावर ती धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजतात. तेलाच्या बाटलीच्या झाकणाचा खवट वास एका पाण्यात जात नाही, दोन-तीन पाणी लागतातच. मग गच्चीवर वाळवण. शेजारच्या काकू कुरडया घालायला आल्या आणि झाकणं बघून परत गेल्या, असंही झालंय.

तुम्ही लिहिलंत की ‘स्क्रू कशाला, फेविकॉलने पटकन झालं असतं’. त्या प्लास्टिकला फेविकॉल धरत नाही. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं होतं. मे महिन्यात अख्खं सूर्यफूल पाकळी पाकळी करून खाली आलं. तेव्हापासून प्रत्येक झाकणाला मधोमध भोक पाडून बारीक स्क्रू बसवतो. एका माशाला चाळीसेक झाकणं लागतात. तुमच्या चार माशांची दीडशेच्या वर भोकं शनिवारी मी आणि माझ्या भाच्याने पाडून ठेवली होती. शेपटीसाठी डब्याचा पत्रा कापतो, त्याची कड पकडीने दुमडून कानशीने घासावी लागते, कारण तो मुलांच्या हातात जाणार असतो. हे समोर दिसत नाही, मान्य. समोर टोपलीत फक्त झाकणं दिसतात.

तुमचे अठराशे झाले. त्यातून प्लाय, स्क्रू, रंग, मावशींचे पैसे, चहा-पोहे आणि चौकाच्या सामायिक खात्यात द्यायचा हिस्सा (जिन्यातला दिवा आणि झाडणाऱ्या बाईंचा पगार त्यातून होतो) वजा जाता सहाशेच्या आसपास उरले. दोन माणसांचा दीड दिवस. असा हिशेब चारचौघांत मांडताना अवघड वाटतंय, पण ‘उकळतात’ लिहिल्यावर गप्प बसणंही अवघड आहे.

टाकाऊ वस्तूंतून उभ्या राहिलेल्या चंदीगडच्या रॉक गार्डनशी तुलना केलीत, त्याचा मात्र मला आनंदच झाला. तिथल्या पुतळ्यांना फुटक्या बांगड्या पाहिल्या तेव्हाच मला हे सुचलं. पण सर, नेकचंद सैनींनी ते १९५७ च्या सुमारास लपूनछपून सुरू केलं आणि लोकांसाठी उघडलं १९७६ मध्ये. नंतर सरकारने त्यांना पगार दिला, हाताखाली पन्नास मजूर दिले. जागा चाळीस एकर. आमचा चौक बावीस फूट बाय तीस, मध्ये तुळशीवृंदावन, आणि हाताखाली एक भाचा, तोही परीक्षा नसेल तर.

कपड्यांचं मी काही करणार नाही. चौक अकरा बिऱ्हाडांचा आहे, मी त्यातली एक. भिंत रंगवायला सगळ्यांनी होकार दिला तो दोरी हलणार नाही या अटीवर. फोटोत परकर आला याचं वाईट वाटतं, पण तो ज्यांचा आहे त्यांनीच त्या भिंतीवरचा केळीचा घड रंगवलाय.

पोपड्यांची चूक आमची. वाड्याची भिंत चुन्याची, तिच्यावर प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि रंग फुगून सुटतो. रंगाऱ्याने आधी बजावलं होतं, चुन्यातच रंग कालवा म्हणून. आम्हाला झगझगीत हवा होता.

आता मासा अर्धा का राहिला ते. वेळ साडेदहाची होती, तुम्ही सव्वाअकराला आलात. पेठेत पार्किंगचे हाल असतात, म्हणून मी अवाक्षर काढलं नाही. साडेबाराला चौक रिकामा करून द्यावा लागतो, हे नोंदणीच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. धाकट्याने मोराच्या पिसाऱ्यातल्या बांगड्यांच्या चार-पाच काचा उचकटल्या तेव्हाही कुणी काही बोललं नाही. लहान आहे, चालायचंच. कासाराकडे फुटक्या बांगड्या मिळतात, पण त्या निळ्या शोधायला वेळ लागतो इतकंच.

पुढच्या महिन्यापासून दारात पाटी लावू, पैसे कशाकशाचे ते लिहून. भिंतीचं दिवाळीआधी काहीतरी करायचं ठरतंय, बिऱ्हाडांची बैठक झाली की.

मासा आम्ही टाकलेला नाही. उरलेले खवले लावून पूर्ण केलाय. डोळ्याला त्याला जांभळं झाकण हवं होतं, ते मिळालं म्हणून तेच बसवलंय. कुठल्याही संध्याकाळी येऊन घेऊन जा. त्याचे वेगळे पैसे नाहीत.