नानांना मुंबईत जेवू घालणे

मुंबईतलं कचेरीचं काम एक तर दहा मिनिटांत होतं, नाही तर "साहेब दौऱ्यावर आहेत, परवा या" असं उत्तर मिळून मधले दिवस मोकळे पडतात. मोकळ्या दिवसांत मुंबईत करायचं काय, याचं आमच्या घरातलं उत्तर ठरलेलं आहे. समुद्र बघून झालाय, राणीची बाग बघून झालीय. राहिलं काय, तर जेवण. माझा नियम साधा. आमच्या खान्देशातल्या अमळनेरात जे मिळत नाही तेच खायचं. शेवभाजी खायला माणूस रात्रभर गाडीत अंग आखडून कशाला जाईल? पारशी, बोहरी, सिंधी, उडुपी, मालवणी, मंगळुरी, एवढ्यांच्या चुली एका शहरात पेटतात, तर रोज एकेकाकडे पान मांडावं.

नियम चांगला आहे. फक्त सोबत नाना असतात.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. चोपड्याकडे केळी आणि कापूस, तोंडात अहिराणी आणि बंडीच्या आतल्या खिशात स्टीलची डबी. डबीत ठेचा. हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर चांगले चटके बसेपर्यंत भाजून, वर शेंगदाणे टाकून वहिनींनी रगडलेला. डबीला दोन रबरबँड, त्यावर प्लास्टिकची पिशवी, तरीही समोरच्या बाकावरचा प्रवासी मनमाड येईपर्यंत शिंकत असतो. नानांचं ठाम मत आहे की मुंबईची माणसं कायम आजारी असतात आणि तिथली झाडून सगळी हॉटेलं त्यांच्या पथ्याचं रांधतात.

त्यांच्यासाठी हॉटेल शोधायचं तर सुरुवात पंचांगापासून करावी लागते. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी आणि चतुर्थी वेगळ्या. मध्ये वहिनींनी शुक्रवार धरला, तो नानांनी निव्वळ धाकापोटी धरला. उरलेल्या वारी मासळी-मटणाचं नाव काढावं, तर हॉटेलांचं स्वतःचं पंचांग आडवं येतं. फोर्टातली जुनी हॉटेलं कचेऱ्यांतल्या दुपारच्या भुकेवर चालतात. जरा रमतगमत पोचलं की खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या आणि पोऱ्या फरशी पुसतोय. रविवारी कचेऱ्याच बंद, मग हॉटेल कुणासाठी उघडतील?

बरं, सांगणारे लोक तरी धड असावेत! डोंबिवलीत आमचे साडू राहतात. मुंबईत उभं आयुष्य गेलं, पण चांगलं पारशी जेवण कुठं मिळतं म्हणून विचारलं तर म्हणाले, "हॉटेलात कशाला? घरी या, हिने आपले खान्देशी डुबुकवडे केलेत." मित्रांचं दुसरंच. ते "पूर्वी तिथं काय मिळायचं, अहाहा!" इथून सुरू होतात. एकाने गिरगावात खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाच्या माशांचं वर्णन इतकं रसभरीत केलं की नानांनी वार न बघता होकार दिला. पत्ता लिहून घेतल्यावर तो म्हणाला, "बंद होऊन खूप वर्षं झाली म्हणा."

शेवटी भाचा उपयोगी पडतो. तो मुंबईत नोकरीला आहे आणि फोन बघितल्याशिवाय पाणीही पीत नाही. "मामा, हे बघा, चार पॉइंट सहा!" हॉटेलांना पाचपैकी तारे मिळतात आणि ते जेवून आलेले लोक देतात, एवढं मला कळलं. मग ती मतं वाचायला घेतली. एकाने गाडी लावायला जागा नाही म्हणून एक तारा दिलेला. एकीने भिंतीवरच्या झुंबरापाशी फोटो छान येतात म्हणून पाच. आमटीबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. माझी तपासणी निराळी असते. काचेतून आत डोकवायचं. पारशी हॉटेलात पारशी म्हातारे गुमान जेवताना दिसले, तर आत शिरायचं. सगळी गिऱ्हाइकं आपल्यासारखीच भिंती बघत बसलेली असली, तर पुढे चालू पडायचं.

या तपासणीत फोर्टातलं एक जुनं हॉटेल पास झालं. बुधवार होता, दुपार होती, देव आणि मालक दोघांचीही हरकत नव्हती. भाच्याला बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ सालच्या ब्रिटानियात जायचं होतं, इराणहून येणाऱ्या आंबट लाल बेरी घातलेला पुलाव खायला. पण नानांनी दारात उभ्याउभ्या निकाल दिला की भातात बोरं घालणाऱ्याकडे आपण जायचं नाही. मग इथे धानसाक मागवलं. सोबत कांदा करपवून तपकिरी केलेला भात आणि कचुंबर.

नानांनी ते घट्ट वरण चमच्याने उकरलं. आधी भोपळा लागला, मग वांगं, मग मेथीचा वास आला. त्यांचा चेहरा उजळला. "हाई ते आपलं वरण-वांगं शे!" पुढच्या चमच्याला मटणाचा तुकडा आला. वरणात मटण ही गोष्ट नानांच्या जन्मात कोणी केलेली नव्हती. तुकडा चमच्यावर धरून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. गल्ल्यावरचे वृद्ध मालक ते बघून उठून आले आणि हिंदी-गुजराती मिसळून समजावू लागले. घरात कोणी गेलं की पारशी तीन दिवस मटण खात नाहीत, चौथ्या दिवशी धानसाक करून ते पथ्य सोडतात. म्हणून लग्नात, शुभ दिवशी धानसाक नाही. एरवी रविवारी चालतं, वर झोपही झकास लागते.

नानांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नाही, हे तीनतीनदा सांगून त्यांना परत जेवायला लावलं. मग त्यांनी सवयीने डबी काढली आणि मालकांपुढेही धरली. आता हा बावाजी खोकून लाल होणार, असं म्हणत मी पाण्याचा ग्लास सरकवला. मालकांनी बोटभर ठेचा चाखला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एक अक्षर न बोलता डबी उचलून आत स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तेव्हा डबी स्वच्छ धुतलेली होती आणि नानांसाठी फुकटचं कस्टर्ड होतं. नाना पाहुणचाराला फार मानतात, त्यामुळे बोलता येईना. पण मुंबईतले पुढचे दिवस ठेच्याविना काढायचे आहेत, हे त्यांना कस्टर्ड खातानाच उमगलं.

तिथून पुढे त्यांचा जीव कशातच रमला नाही. भेंडीबाजारात एका ओळखीच्या बोहरी घरी जेवायला बोलावलं होतं. मोठ्या थाळाभोवती सगळे बसले, जेवणाची सुरुवात चिमूटभर मिठाने झाली. नाना खूश झाले. लगेच पाठोपाठ गोड आलं. नाना उदास झाले. चायनीजचं तर त्यांनी नावच काढू दिलं नाही. आपल्या बसस्टँडपुढच्या गाडीवरही मंचुरियन मिळतं, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. तो पदार्थ नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईतल्या क्रिकेट क्लबात जन्माला घातला; चीनला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे अस्सल मुंबईचं जेवण म्हणून तेच खायला हवं होतं, पण हा युक्तिवाद मला गाडीत बसल्यावर सुचला.

माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगात गेलो. १९४२ सालापासून तिथं केळीच्या पानावर वाढतात. पान समोर येताच नानांनी जेवायचं सोडून ते उलटंपालटं केलं, शीर दाबून पाहिली आणि वाढप्याला हे कुठल्या बागेतलं म्हणून विचारलं. त्या बिचाऱ्याच्या हातात रसमचं भांडं होतं आणि मागे रांग होती. जेवण अप्रतिम. मी रसम तीनदा घेतलं. नानांनी पान चांगलं असल्याचं सांगितलं.

अशा जागा चांगल्या का असतात, यावर माझा आपला एक सिद्धांत आहे. जिथं एकटे गडी घरदार सोडून पोटामागे आले, तिथं त्यांच्या गावचं जेवण आलं. काळबादेवीत गुजराती पेढ्यांवरची माणसं, म्हणून तिथं १९४५ सालापासूनचं ठाकर भोजनालय. माटुंग्यात दक्षिणेकडचे कारकून. गिरणगावात तर कामगारांच्या बायकाच दहा-बारा गड्यांचा स्वयंपाक खोलीत रांधायच्या. अशा खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या तावडीतून काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. महिन्याचे पैसे देणारा माणूस रोज तेच जेवतो. त्याला आईच्या हातची आमटी पाठ असते, त्यामुळे फसवाफसवी चालत नाही. झुंबरापाशी फोटो काढणाऱ्याला काहीही वाढलं तरी खपतं.

आता आमची गोची अशी की आमचा खान्देशी गडी पोटामागे मुंबईपेक्षा सुरतेला जास्त गेला. तापीच्या काठाकाठाने रेल्वे थेट जाते, तिथं लूम आहेत, साड्यांची मार्केटं आहेत. उधना-लिंबायतला भर रस्त्यात अहिराणीत भांडणं ऐकू येतात. तिथं नानांना खुशाल सोडून द्यावं, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी शोधत ते बरोबर जातील. मुंबईत कुठं जाणार?

"मामा, सापडलं!" भाचा ओरडला. "ऑथेंटिक खान्देशी थाळी! चार पॉइंट सात!"

माझा नियम मोडत होता, पण नानांचा चेहरा बघवत नव्हता. हॉटेल उपनगरात, एसी. दाराशी बैलगाडीचं चाक, छताला उलटी टांगलेली मडकी आणि त्यांत दिवे. आमच्या बघण्यात मडकं उलटं करतात ते मांडे भाजायला, त्यामुळे नाना वर बघत खापरांची किंमत काढत बसले. थाळी आली. शेवभाजीवर मलईची नक्षी. भरतात टोमॅटो.

नानांनी वाढणाऱ्या पोराला जवळ बोलावलं. मी डोळे मिटून घेतले.

"वांगं कशावर भाजलं?"

"गॅसवर असेल, सर."

"पऱ्हाटी माहितीये? कापसाच्या काड्या?"

"हो, सर."

"वांगं हिरवं होतं की जांभळं?"

"जांभळं." पोरगं खाली बघायला लागलं.

"ठेचलं कशात? बडगीत?"

"मिक्सरमध्ये." हे त्याने इतक्या हळू सांगितलं की नानांना संशय आला. सर म्हणणारा पोरगा आणि त्याला भरीत ठेचायची लाकडी बडगी कळते?

"कोठला शे रे तू?"

"शिरपूरना, नाना."

पुढचं सगळं डोळ्यांदेखत पण हाताबाहेर घडलं. त्या दोघांत काय कुजबूज झाली कोण जाणे, नाना उठले आणि त्याच्यामागे स्वयंपाकघराच्या बोळात गेले. थाळी गार होत होती. बराच वेळ झाला म्हणून मी मागोमाग गेलो, तर नाना तेलाच्या पिंपावर बसलेले. मांडीवर त्या पोराचा डबा. डब्यात कळण्याची भाकरी, कांद्याची पात घातलेलं हिरव्या वांग्याचं भरीत आणि कोपऱ्यात ठेचा. त्याच्या खोलीवर शिरपूरचे चौघे राहतात आणि पाळीपाळीने रांधतात. वांगी गावाकडून येणाऱ्याच्या पिशवीत येतात. या हॉटेलात काम करायला लागल्यापासून त्याने इथल्या थाळीला हात लावलेला नव्हता.

"तू काय खाशी मंग?" नानांनी शेवटचा घास घेताना विचारलं.

"तुमनी थाळी शे ना, नाना," पोरगं म्हणालं. मग जरा विचार करून म्हणालं, "नको, उपाशी राहीन."

बिल पुरं आलं, वर सर्व्हिस चार्ज. नानांनी त्या पोराच्या खिशात जबरदस्तीने नोट कोंबली आणि रिकामी डबी पुढे करून उरलेला ठेचा भरून घेतला. बाहेर पडता पडता भाच्याने फोन काढला. "नाना, किती तारे देऊ?"

"पाच दे. लिही, भाकरी आणि भरीत एक नंबर."

दार उघडून धरलेलं ते पोरगं घाबरून म्हणालं, "नाना, भाकरीचं लिहू नका. मॅनेजर रोज वाचतो, उद्या तीनशे रुपयांना लावेल."