हेलिकॉप्टर कालबाह्य झाले आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मानवरहित हल्लेखोर बोटींविरुद्ध, म्हणजे दुरून चालवल्या जाणाऱ्या आणि स्फोटकांसह जहाजावर जाऊन आदळणाऱ्या बोटींविरुद्ध, नौदलाची हेलिकॉप्टरे वापरावीत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगतो. आपले म्हणणे असे की, युक्रेनच्या बोटीने रशियाचे हेलिकॉप्टर पाडले त्या दिवशी हा विचार निकालात निघाला. काही कोटींच्या बोटीसाठी शेकडो कोटींचे हेलिकॉप्टर आणि त्यातले प्रशिक्षित वैमानिक पणाला लावणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आणि हे काम जहाजावरच्या तोफा व मानवरहित विमाने अधिक स्वस्तात करतील. शिवाय मुंबईच्या किनाऱ्याला या चर्चेचा काय उपयोग, असेही आपण शेवटी विचारले आहे.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी क्रिमियाच्या तारखानकुट भूशिराजवळ मागुरा जातीच्या मानवरहित बोटीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने एमआय-८ हेलिकॉप्टर पाडल्याचे युक्रेनच्या लष्करी गुप्तचर विभागाने जाहीर केले आणि त्याची चित्रफीतही प्रसिद्ध केली. ते क्षेपणास्त्र आर-७३ होते. मुळात लढाऊ विमानासाठी बनवलेले आणि उष्णतेचा माग घेत जाणारे हे अस्त्र बोटीवर बसवण्याचा खटाटोप युक्रेनने का केला, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. जेमतेम साडेपाच मीटर लांबीच्या बोटीत वजनाचा हिशेब फार काटेकोर असतो; तिथे क्षेपणास्त्र बसवायचे म्हणजे जहाज फोडणाऱ्या स्फोटकांना तेवढी जागा सोडावी लागते. ही किंमत युक्रेनने मोजली, कारण त्याआधीच्या काळात रशियन हेलिकॉप्टरे मशीनगनने त्यांच्या बोटींची वाट अडवत होती. म्हणजे आपण जी घटना हेलिकॉप्टरच्या निरुपयोगीपणाचा पुरावा म्हणून मांडता, तिच्यातून मला हेलिकॉप्टरचा उपद्रव किती होता हे दिसते.

आता तो उपद्रव कशा प्रकारे दिला जात होता, ते पाहू. जड मशीनगनचा उपयुक्त पल्ला दीड-दोन किलोमीटरचा असतो, त्यामुळे वैमानिकाला बोटीच्या जवळ जाऊन, अनेकदा तिच्याभोवती घिरट्या घालत मारा करावा लागतो. समोरची बोट निःशस्त्र असेपर्यंत हे चालून गेले. तिच्यावर क्षेपणास्त्र आल्यावर चालणे शक्य नव्हते. मे २०२५ मध्ये रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ अशाच बोटीवरून सुखोई-३० हे लढाऊ विमान पाडल्याचा दावा युक्रेनने केला, तरी लढाऊ विमानांचे युग संपले असे आपणही म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न अंतराचा आहे.

अंतर राखून हेच काम कसे होते, याचा दाखला जुना आहे. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या बुबियान बेटाच्या परिसरात ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टरांनी सी स्कुआ क्षेपणास्त्रांनी इराकच्या अनेक बोटी निकामी केल्या, आणि त्या बोटींवरच्या तोफांच्या पल्ल्यात शिरण्याची गरज त्यांना पडली नाही. त्याच परंपरेतल्या वाइल्डकॅट हेलिकॉप्टरवर आज मार्टलेट ही हलकी क्षेपणास्त्रे वीसपर्यंत बसवता येतात, आणि लहान वेगवान बोटींचा घोळका हेच त्यांचे मुख्य लक्ष्य आहे. आपल्या नौदलाच्या एमएच-६०आर हेलिकॉप्टरवर हेलफायर हे क्षेपणास्त्र बसवता येते; त्याचा पल्ला आठ किलोमीटर धरला तरी तो मशीनगनच्या चौपट होतो. एवढ्या अंतरावरून बोट पूर्ण सुरक्षितपणे मारता येते, असा माझा दावा नाही. परंतु बोट चालवणारा माणूस दूर कुठेतरी पडद्यासमोर बसलेला असतो, त्याला आकाशाचा एक अरुंद तुकडाच दिसतो, आणि आठ किलोमीटरवरचे हेलिकॉप्टर शोधून त्यावर क्षेपणास्त्राची नजर खिळवणे हे डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरच्या तुलनेत निश्चितच अवघड आहे.

योगायोग असा की, तारखानकुटच्या बरोबर एक वर्ष आधी, ३१ डिसेंबर २०२३ रोजी, तांबड्या समुद्रात मर्स्क हांगझो या मालवाहू जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या चार बोटी चालून आल्या होत्या. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरांवर त्यांनी गोळीबार केला, आणि हेलिकॉप्टरांनी त्यातल्या तीन बुडवल्या. त्या बोटींवर माणसे होती, हा फरक आपण दाखवाल आणि तो मान्य आहे; पण पाण्यालगत वेगाने येणारे लहान लक्ष्य वेळेत शोधणे आणि थांबवणे, हे काम दोन्ही बाबतींत एकच आहे.

या ‘वेळेत’ शब्दाचा हिशेब मांडल्यावर आपल्या तोफांच्या सूचनेकडे वळता येते. पाण्यावर अर्धा मीटर डोकावणारी बोट पंचवीस मीटर उंचीवरच्या रडारला, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, फार तर तेवीस-चोवीस किलोमीटरवर दिसू शकते. हा झाला कागदावरचा आकडा. रात्री, खवळलेल्या समुद्रात, लाटांच्या प्रतिध्वनींच्या गर्दीत ती चार-पाच किलोमीटरवर येईपर्यंत लक्षात न येणे सहज शक्य असते. चाळीस नॉट म्हणजे ताशी सुमारे चौऱ्याहत्तर किलोमीटर. या वेगाने पाच किलोमीटर कापायला चार मिनिटे लागतात, आणि बोटी एकेकट्या येत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये इवानोवेत्स आणि सीझर कुनिकोव्ह ही रशियन जहाजे अशाच रात्रीच्या झुंडींनी बुडवली. तोफा हव्यातच, पण त्या शेवटच्या चार मिनिटांचे साधन आहेत. तीनशे मीटर उंचीवरच्या हेलिकॉप्टरचे क्षितिज सत्तर किलोमीटरच्या पुढे जाते, आणि वरून पाहताना बोटीमागची फेसाची लांब रेघ व तापलेल्या इंजिनाची उष्णता तिला लपू देत नाही.

किमतीच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. बोटीची तुलना हेलिकॉप्टरशी नव्हे, तर ती ज्या जहाजावर जाऊन आदळणार आहे त्याच्याशी आणि त्यावरच्या माणसांशी करावी लागते.

मानवरहित विमानांचा मुद्दा मात्र मला पटण्यासारखा वाटतो, अर्ध्यापर्यंत. तासन्‌तास टेहळणी करण्यात हेलिकॉप्टर त्यांची बरोबरी करू शकत नाही. एका जहाजावर एक किंवा दोनच हेलिकॉप्टरे असतात, आणि प्रत्येक उड्डाण तीन-साडेतीन तासांचे धरले तर अखंड पहारा अशक्य होतो. अडचण येते ती ओळख पटवताना. जून २०२४ मध्ये ट्युटर या मालवाहू जहाजाला तांबड्या समुद्रात हुथींची पाच ते सात मीटर लांबीची एक लहान पांढरी बोट मागच्या बाजूने येऊन धडकली. एक खलाशी मृत्युमुखी पडला आणि काही दिवसांनी जहाज बुडाले. त्या लांबीच्या होड्या ससून डॉक किंवा वर्सोव्यासमोर कोणत्याही सकाळी मोजून पाहाव्यात. मासेमारी बंदीचे पावसाळी आठवडे सोडले तर आपला समुद्र कोळी बांधवांनी गजबजलेला असतो, आणि त्यांच्यातल्या एकावर चुकून क्षेपणास्त्र सोडणे ही कल्पनाही सहन होणारी नाही. खाली उतरून निरखणे, इशाऱ्याच्या गोळ्या झाडणे, होडीवरचा माणूस हात हलवतो की नाही हे पाहणे, आणि त्याच क्षणी निर्णय घेणे, हे हेलिकॉप्टरमधला माणूस करू शकतो. जवळ जाण्यातला धोका इथे परत येतो हे खरे. म्हणून मानवरहित विमानाने आधी संशयित बोट हेरावी आणि हेलिकॉप्टरने त्या एकाच बोटीकडे सावधपणे जावे, अशी जोडी मला योग्य वाटते.

राहिला मुंबईचा प्रश्न. बंदराच्या आत हेलिकॉप्टर हे उत्तर नव्हे, तिथे तरंगते अडसर, गस्ती नौका आणि तोफाच हव्यात. माझा लेख खुल्या समुद्रापुरता होता. तसा खुला समुद्र आपल्यासाठी म्हणजे मुंबई हाय. तेलाचे हे फलाट किनाऱ्यापासून सुमारे एकशे साठ किलोमीटरवर आहेत, त्यांना जागचे हलता येत नाही, आणि त्यांच्याभोवतीचे पाचशे मीटरचे सुरक्षा क्षेत्र चाळीस नॉटच्या बोटीला चोवीस-पंचवीस सेकंदांचे आहे. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून निघालेल्या हेलिकॉप्टरला तिथे पोहोचायला तयारीसह पाऊण तास तरी लागेल, तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल. म्हणून तळावरच्या हेलिकॉप्टरांची संख्या मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही. धोक्याचा इशारा असेल त्या काळात नौदलाचे किंवा तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टरवाहू गस्ती जहाज फलाटांच्या परिसरातच हवे, त्याच्या डेकवरचे हेलिकॉप्टर मशीनगनसोबत क्षेपणास्त्रांनीही सज्ज हवे, आणि त्याच्या चमूचा रात्री लहान बोटी शोधण्याचा सराव झालेला हवा.