जेवण नावाचं गाव

जर्मनमध्ये 'एसेन' म्हणजे जेवणं. जर्मनीच्या रुर खोऱ्यातल्या पावणेसहा लाख वस्तीच्या शहराचं नावही एसेनच. नेटवर 'एसेन, दोन दिवस' एवढंच टाकलं की निम्मी उत्तरं सहलीची येतात, निम्मी डाएटची. म्हणून शोधताना हे नाव एकटं सोडू नये, सोबत 'रुर' नाहीतर 'त्सोलफेराइन' जोडावं. त्सोलफेराइन म्हणजे काय हे घरच्यांना समजावणं हा पुढचा जाच. 'बंद पडलेली कोळशाची खाण बघायला जातोय' हे वाक्य एकाही मावशीला पटणारं नाही. 'खाणच बघायची तर चंद्रपूरला जा की, तिथल्या चालू तरी आहेत!' यावर माझ्याकडे आजवर उत्तर नाही.

हॉटेल, तिकिटं सगळं मागाहून. आधी वार बघा. रविवारी दुकानं बंद. एसेनच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच्या जुन्या हॉटेलच्या डोक्यावर भलीमोठी अक्षरं दिसतात, 'एसेन, खरेदीचं शहर'. रविवारी त्या अक्षरांखाली साधं दही मिळत नाही. स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी, भावही स्टेशनातलेच. सोमवारी संग्रहालयांची सुट्टी. फोल्कवांग हे कलासंग्रहालय बंद (तिथला कायमचा संग्रह फुकट बघता येतो, म्हणून हळहळ जास्त), पोलादवाल्या क्रुपचा बंगला बंद, शेजारच्या बोखुमचं खाण-संग्रहालय बंद. शनिवार-रविवारला सोमवारची रजा चिकटवायचा आपला पिढीजात हिशेब इथे सपशेल आपटतो. सोमवार गळ्यात पडलाच तर त्सोलफेराइनमधलं रुर म्युझियम उघडं असतं, तो दिवस तिकडे ढकलावा. ऑक्टोबरात मात्र तारखा दोनदा तपासा. बोर्डगेमची जंगी जत्रा एसेनलाच भरते आणि फासे टाकायला आलेली मंडळी हॉटेलांचे दर कुठल्या कुठे नेतात.

जवळचा विमानतळ ड्यूसेलडॉर्फचा. तिथून रेल्वे स्टेशनापर्यंत रुळाला खालून लटकलेली एक गाडी नेते आणि पुढे एसेन अर्ध्या तासाच्या आत. तिकिटाचा मोह आवरा. देशभर चालणारं महिन्याचं जर्मनी-तिकीट स्वस्त दिसतं, पण ती वर्गणी आहे. १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात, अगदी जिमसारखे. दोन दिवसांना २४ तासांचं तिकीट बरं. ते कागदी असेल तर शिक्का मारायचा की नाही ते आधी वाचून घ्या. खिशातल्या कोऱ्या तिकिटाला तपासनीस तिकीट मानत नाही, आणि विनातिकीट दंड ६० युरो.

त्सोलफेराइनला १०७ नंबरची ट्राम जाते. ती स्टेशनाच्या पोटातून, जमिनीखालून सुटते. पाटीवर गेल्सेनकिर्शेन असेल तीच पकडा. गेल्सेनकिर्शेन हे निराळं शहर आहे, पण एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं हे पुणे-पिंपरीइतकंच कळतं.

खाण म्हटल्यावर लोक खाली उतरायच्या तयारीने येतात. इथे वर जावं लागतं. कोळसा धुण्याच्या जुन्या इमारतीत रुर म्युझियम आहे आणि ५८ मीटर लांबीचा नारिंगी सरकता जिना तुम्हाला थेट २४ मीटर उंचीवर नेऊन सोडतो. कोळसाही असाच आधी वर चढवत आणि मजल्यामजल्याने धूत, निवडत खाली आणत. तुमचंही तेच होतं. १७ मीटरवर वर्तमान, १२ वर स्मृती, ६ वर इतिहास. इतिहास तळाला, म्हणजे पाय बोलायला लागल्यावर. सकाळी दहालाच आत शिरा.

बाराव्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीचा, ५५ मीटर उंच लोखंडी मनोरा बाहेरूनही पोटभर बघावा. १९३२ साली तो सुरू झाला तेव्हा दिवसाला १२,००० टन कोळसा काढायची त्याची ऐपत होती. १९८६च्या डिसेंबरात खाण बंद पडली, २००१मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पलीकडचा कोक-कारखाना (कोक म्हणजे भट्टीत भाजलेला कोळसा, पेय नव्हे) १९९३मध्ये थंडावला, त्याच्या ३०४ भट्ट्या ओळीने उभ्या आहेत. त्यांच्या कडेला उन्हाळी सुट्टीत कंटेनर जोडून केलेला पोहण्याचा तलाव आणि हिवाळ्यात बर्फावर घसरायची पट्टी. पोहण्याचे कपडे घ्यायचे की कानटोपी, हे महिना बघून ठरवा. गाइडबरोबरच्या इंग्रजी फेऱ्या मोजक्या, आधी जागा धरून ठेवा. आणि जमिनीखाली जायचंच असेल तर बोखुम. तिथल्या संग्रहालयाखाली अस्सल वाटणारी खाण आहे, जिच्यातून कधी एक टोपलं कोळसा निघालेला नाही.

संध्याकाळ ड्यूसबुर्गची. (लिहिताना डुइसबुर्ग, चूक तुमची नाही.) १९८५मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याची तिथे बाग केली आहे. प्रवेश फुकट, ट्राम ९०३. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक पाणबुड्यांसारखे बुड्या मारतात. पाच नंबरच्या भट्टीवर ७० मीटर चढता येतं, पण पायऱ्या जाळीच्या आहेत. टाचांचे बूट टाचांसकट अडकतात आणि खाली पाहिलं की खालचं सगळं दिसतं. भट्ट्यांवरची रंगीत रोषणाई ठरावीक वारांनाच आणि अंधार पडल्यावरच. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ आधी लिहून घ्या. डिसेंबरात अंधार पाचलाच पडतो, फक्त बघणारा गोठतो.

उरलेल्या सकाळी एस-६ या लोकलने ह्यूगेल. पोलादसम्राट आल्फ्रेड क्रुपचा १८७३चा बंगला, २६९ खोल्या. आगीच्या धास्तीने त्याने दगड आणि लोखंड वापरलं, गरम हवेची यंत्रणा स्वतः डोकं लावून बसवून घेतली आणि ती धड चालली नाही. अख्ख्या युरोपला पोलाद पुरवणारा गृहस्थ घरात कुडकुडत होता, हे ऐकून मला तो जरा जवळचा वाटतो.

जेवणाचं काय? जेवण नावाच्या गावात शाकाहारी माणसाने टपरीवर बटाट्याच्या तळलेल्या काड्या, वर केचप आणि मेयोनीज, यावर भागवावं. याला तिथे 'लाल-पांढरं' म्हणतात. रोख सुटे जवळ असू द्या. पोळ्या-चटणी खुशाल न्या, तुपाचा डबा मात्र भारतातून आणू नका, दुधातुपाला युरोपात बंदी आहे. पाणी घेताना 'श्टिल' म्हणा, नाहीतर सोडा मिळेल. रिकामी प्लास्टिकची बाटली टाकू नका, तिचे २५ सेंट परत मिळतात. परत घेणारं यंत्र सुपरमार्केटात असतं आणि सुपरमार्केट रविवारी बंद. तेव्हा परतीच्या गाडीचा फलाट आयत्या वेळी बदलल्याची जर्मन घोषणा होते, आणि बाकीचे का धावताहेत हे न कळता आपणही बाटल्यांची पिशवी खडखडवत त्यांच्या मागे सुटतो.