मुलांना हक्क असतात, आणि ते शाळेतच शिकवायचे असतात

‘नागरिकशास्त्र शाळेतून हद्दपार करा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. माझ्या धाकट्या भावानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, ह्यात चुकीचं काय हाय सांग बघू.’ एवढ्यावर थांबला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण मेसेज वाचून त्यानं सातवीतल्या लेकीला सांगून टाकलं, ‘ते नागरिकशास्त्र ऱ्हाऊ दे, तेवढ्या वेळात चार गणितं सोडव.’ मी करवीर तालुक्यातल्या एका शाळेत हाच विषय शिकवते. माझ्याच भाचीच्या हातातून ते पुस्तक काढून घेतलं जात असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजमधले मुद्दे असे. मुलांना हक्क नसतात, कर्तव्यं असतात; हक्क शिकवायचेच तर मतदानाच्या वयात, अठरानंतर शिकवा. हक्क शिकवले की पोरं उलट बोलायला लागतात. जपानात हा विषयच नाही, तिथं फक्त शिस्त शिकवतात. हा विषय इंग्रजांनी आणला. त्याच्या आडून शिक्षक वर्गात राजकारण घुसवतात. आणि शेवटी, बारा मार्कांच्या पाठांतरानं कुणाला नोकरी लागत नाही. तळाशी ‘राजर्षी शाहूंच्या भूमीतील प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’ अशी विनंती.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलते.

मुलांना हक्क नसतात हे धादांत खोटं आहे. संविधानाच्या कलम २१-क नं ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिलाय. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं तो आला, त्याचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही, असं त्याच कायद्याचं १७ वं कलम सांगतं. संविधानाचं कलम २४ चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला मनाई करतं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून, घरच्या उद्योगात शाळा सांभाळून केलेली मदत आणि अशाच एखाद्या सवलतीचा अपवाद सोडला, तर चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच कामाला लावता येत नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा, लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. हे सगळं संरक्षण लहानपणीच लागतं. मतदानाचं वय अठरा आहे म्हणून हे अठरानंतर शिकवा म्हणणं म्हणजे गरज संपल्यावर माहिती देणं.

सातवीच्या पुस्तकात मूलभूत हक्कांवर दोन पाठ आहेत. एका वर्षी मी शोषणाविरुद्धचा हक्क शिकवत होते. दिवाळी होऊन गेली होती, गुऱ्हाळं पेटली होती. वर्गातला एक मुलगा बरेच दिवस दिसत नव्हता, घरून निरोप होता, आजारी आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, हे वाक्य वाचून झालं आणि मागच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘बाई, मग गुऱ्हाळावर चालतंय काय? त्यो आजारी न्हाई. चुलवाणात चिपाडं घालायला जातोय.’ चुलवाण म्हणजे रसाच्या काहिलीखालची भट्टी, चिपाडं म्हणजे तिचं जळण. ज्यांनी चालू गुऱ्हाळ बघितलंय त्यांना त्या धगीबद्दल वेगळं सांगायला नको. रस उकळून काहिल उतरेपर्यंत चुलवाणाचं तोंड सोडता येत नाही, आणि तिथं सातवीतलं पोर बसलेलं.

मी आणि आमचे मुख्याध्यापक त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बापानं गुऱ्हाळमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती, ती फिटायची होती. भांडण झालं नाही, पण कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगावं लागलं, गुऱ्हाळमालकालाही. पोरगं परत आलं. हंगामात अजूनही त्याचे खाडे पडतात, ते मी लपवत नाही. पण आम्हाला ही गोष्ट हजेरीपटावरून कळली नव्हती. एका मुलानं पुस्तकातल्या वाक्याची आपल्या मित्राशी सांगड घातली, म्हणून कळली. मेसेज लिहिणारा ज्याला उलट बोलणं म्हणतो, ते हेच.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी गंभीर आहे. दहावीची परीक्षा झाली की सोयरिकी सुरू होतात, हे गावाकडच्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, गावातला ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणालाही फोन करता येतो, या तीन गोष्टी त्या मुलीला कुणी सांगायच्या? लग्न ठरवणारे घरचेच असतील तर घरातून ही माहिती मिळणार नाही. ती शाळेतूनच मिळायला हवी, आणि वेळेत.

आता कर्तव्यांचं. मूलभूत कर्तव्यं १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आली, कलम ५१-क मध्ये. ती मी शिकवते, सगळी शिकवते. त्यातलं आठवं कर्तव्य वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणेची वृत्ती वाढवण्याचं आहे. म्हणजे प्रश्न विचारणं हे कर्तव्यांच्याच यादीत आहे. अकरावं कर्तव्य २००२ मध्ये जोडलं गेलं आणि ते पालकांचं आहे: ६ ते १४ वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणं. ‘फक्त कर्तव्यं शिकवा’ म्हणणाऱ्यानं यादी शेवटपर्यंत वाचायला हवी होती.

आणि शाहू महाराजांचं नाव घेऊन तर असं लिहूच नये. करवीर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, त्या काळातला एक रुपया. मुलाचं शिकणं बापाच्या मर्जीवर सोडायचं नाही, हे या मातीत संविधानाच्या तीसेक वर्षं आधी ठरलेलं आहे.

जपानचा मुद्दा पटकन संपवते. तिथली मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, हे खरं आहे आणि चांगलंच आहे. पण तिथं सामाजिक शास्त्र हा विषय दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये सुरू झाला आणि आज तो प्राथमिक शाळेत तिसरीपासून असतो. २०१६ पासून जपानमध्ये मतदानाचं वय वीसवरून अठरावर आलं आणि २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळांत सार्वजनिक जीवनाचा एक विषय सगळ्यांना सक्तीचा झाला. मेसेजनं नेमकं उलटं सांगितलंय.

इंग्रजांचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करावा लागेल. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात हे स्वच्छ लिहिलंय. इंग्रजी राजवटीविरुद्ध असंतोष वाढत होता त्या काळात नागरिकशास्त्र हिंदुस्थानातल्या शाळांत आलं, आणि आज्ञाधारकपणा व राजनिष्ठा यांवर त्याचा भर होता. पण आराखडा तिथंच थांबत नाही. नागरिक म्हणजे हुकूम पाळणारा माणूस, ही समजूत बदलायची म्हणून तो या विषयाला राज्यशास्त्राचं रूप द्यायला सांगतो. सत्ता, हक्क, विषमता यांवर वर्गात चर्चा व्हावी, मुलानं स्वतः विचार करावा, असा त्याचा आग्रह आहे. आता मेसेज लिहिणाऱ्याची मागणी त्याच्या शेजारी ठेवून बघा. हक्क काढा, शिस्त ठेवा, प्रश्न विचारू देऊ नका. इंग्रजांना जे नागरिकशास्त्र हवं होतं ते हेच. इंग्रजांचा वारसा टाकायचा असेल तर हक्कांचे पाठ ठेवावे लागतील आणि मुकाट ऐकून घेण्याची सक्ती टाकावी लागेल.

वर्गात राजकारण घुसतं, ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. एखादा शिक्षक आपल्या पक्षाचा प्रचार वर्गात करत असेल तर ते चूकच आहे आणि पालकांनी त्याला जाब विचारावा. पण कोल्हापूर जिल्ह्यात राजकारण शाळेतून घरी जातं, असं खरंच कुणाला वाटतं? सोसायटी, दूधसंस्था, गोकुळ दूध संघ, साखर कारखाना, झेडपी, यातली कुठली ना कुठली निवडणूक सतत चालू असते. पाचवीतलं पोर आपला गट कुठला ते सांगतं. दोन गटांची मुलं एका बाकावर बसत नाहीत, हे मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बघितलंय. गट-तट घेऊनच ती शाळेत येतात. त्याच मुलांना दहावीत राजकीय पक्ष आणि निवडणूक प्रक्रिया असे दोन पाठ असतात. आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाचं म्हणणं नीट मांडून दाखवा, असं काम मी तेव्हा देते. विरोधी गटाच्या माणसाचं म्हणणं शिवी न देता बोलून दाखवणं काही मुलांना आयुष्यात पहिल्यांदा जमतं.

याचे नियमही जगात कधीच ठरलेत. हिटलरच्या काळात शाळांचा प्रचारासाठी कसा वापर झाला ते जर्मनीनं भोगलं होतं. तिथल्या राजकीय शिक्षणातल्या जाणकारांची १९७६ मध्ये बॉइटल्सबाख या गावी बैठक झाली आणि त्यातून तीन तत्त्वं पुढे आली. शिक्षकानं आपलं मत विद्यार्थ्यावर लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि आपलं हित कशात आहे, त्यासाठी काय करता येतं, हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता आलं पाहिजे. पालकांनी शिक्षकांकडून ही तीन तत्त्वं मागावीत. मी माझ्यापासून सुरुवात करायला तयार आहे.

राहिला मार्कांचा मुद्दा. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा असतो, त्यात राज्यशास्त्राचे जेमतेम १२. पाठांतर होतं, हेही खरं. सहावीत शहरी स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. ‘महानगरपालिकेची मुदत किती?’ ‘पाच वर्षे.’ एक गुण. आता कोल्हापूर महापालिकेचंच बघा. सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हातात राहिला. ७४ व्या घटनादुरुस्तीनं मात्र मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करायला सांगितलंय. त्या काळात शहरातल्या हजारो मुलांनी ‘पाच वर्षे’ असं बरोबर उत्तर लिहिलं. माझ्या भाचीनं मला विचारलं होतं, ‘आत्या, मग आमचा नगरसेवक कोण?’ नाही कुणी, असं सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, ‘मग गटारीचं कुणाला सांगायचं?’ असा प्रश्न विचारणारी मुलगी पाठांतर करत नाहीये. आणि तिच्याच बापानं तिला तो धडा सोडून द्यायला सांगितला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

नोकरीबद्दल एकच सांगते. शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. एमपीएससीची तयारी करणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलं भारतीय राज्यव्यवस्थेची जाडजूड पुस्तकं घेऊन बसलेली दिसतील. त्यातला पाया सातवी-आठवीच्या पुस्तकातला आहे.

तेव्हा विषय वाईट शिकवला जातो, ही तक्रार मला मान्य आहे. तो काढून टाका, ही मागणी मान्य नाही. आमच्या सहावीच्या मुलांनी ग्रामपंचायतीचा पाठ झाल्यावर शाळेसमोरच्या तुंबलेल्या गटारीबद्दल अर्ज लिहिला. दोनदा खाडाखोड केली, विषय, संदर्भ, सह्या, सगळं केलं आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे त्यांनी आपापसात ठरवलं. शिक्क्यासकट पोच मिळाली. गटार निम्मी साफ झाली, उरलेल्या निम्म्यासाठी दुसरा अर्ज तयार आहे. या कामाला गुणपत्रिकेत कुठंही रकाना नाही. पालकांना हा विषय बदलून हवा असेल तर शाळेकडे आणि मंडळाकडे त्यांनी तो रकाना मागावा, मी त्या निवेदनावर पहिली सही करते.