पोट्टीचं पान

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला महिनाभर कापसाच्या भावापेक्षा एकाच गोष्टीवर जास्त मेसेज पडले: विकिपीडियाने आपल्या पोट्टीचं पान काढलं काहून?

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यातलं. पोट्टी माझ्या चुलतभावाची, नववीतली. राज्यपातळीवरच्या एका गणित स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं. ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ दिलं, एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर वर सहा पुढाऱ्यांचे चेहरे आणि खाली कोपऱ्यात हिचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. मग गावातल्या एका हौशी पोराने मराठी विकिपीडियावर तिच्या नावाने लेख टाकला. त्यात जन्मतारीख, शाळा, वडील ‘प्रगतिशील शेतकरी’, आणि ‘गणितातील विलक्षण प्रतिभा’. संदर्भ म्हणून दोन स्थानिक पेपरांची कात्रणं होती. दोन्हींत एकच प्रेसनोट, आडनावातल्या चुकीसकट. काही दिवसांनी वर पान काढण्याची सूचना लागली आणि नंतर पानच गेलं.

भाऊचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा बॉस्टनला रात्रीचे अकरा वाजले होते. “तू तिकडं राहतं, तुले समजते हे. मुंबई-पुण्याच्या पोट्ट्याइचं पान चालते, अन् आमच्या पोट्टीचं चालत नाही?”

मी उत्तर दिलं की पान काढलं ते बरं झालं. त्यानंतर तीन दिवस भाऊ माझ्याशी बोलला नाही.

ज्यांनी पान काढलं ते प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणारे स्वयंसेवक, माझ्या ओळखीचे नाहीत. पण त्यांचा नियम सोपा आहे. कोशात नाव यायचं तर त्या माणसाबद्दल त्याच्याशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या लोकांनी सविस्तर लिहिलेलं असावं. एकाच घटनेपुरतं नाव झालं असेल तर त्या घटनेबद्दल लिहावं, माणसाचं चरित्र लिहू नये. तिथे हुशारी मोजत नाहीत. मागे आधार किती आहे तेवढं पाहतात.

गणिताचंच घ्या. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झालं, भारत त्यात १९८९ पासून उतरतो. एका देशाची सहा मुलं, सहा गणितं, प्रत्येकी सात गुण, एकूण बेचाळीस. हल्ली दरवर्षी सहाशेच्या आसपास मुलं येतात आणि निम्म्यांच्या जवळपास मुलांना कुठलं ना कुठलं पदक मिळतं. म्हणजे जगातल्या सगळ्यात अवघड शालेय स्पर्धेतूनच वर्षाला तीनेकशे पदकवाले निघतात. मरियम मिर्झाखानीने इराणकडून १९९४ आणि १९९५ अशी दोनदा सुवर्णपदकं घेतली, दुसऱ्यांदा तर बेचाळीसपैकी बेचाळीस. पण जगाने तिचं चरित्र लिहायला घेतलं ते नंतरच्या गणितासाठी, ज्यावर २०१४ मध्ये तिला फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सगळ्यात मोठा मान, मिळालं. तिच्याबरोबर त्या वर्षी सुवर्ण घेतलेली बाकीची मुलं आज कुठे असतील? कुणी शिकवत असेल, कुणी बँकेत असेल. त्यांनी काही गमावलेलं नाही.

मला खरी भीती वेगळीच आहे, आणि ती मी जिथे राहतो त्या गावाने घातली. ऑफिसला जाताना माझी गाडी हार्वर्डच्या स्टेशनावरून जाते. त्या विद्यापीठात १९०९ मध्ये विल्यम सिडिस नावाचा मुलगा अकराव्या वर्षी दाखल झाला. पुढच्या जानेवारीत त्याने तिथल्या गणित मंडळापुढे चौथ्या मितीवर भाषण दिलं आणि देशभरच्या पेपरांत त्याचं नाव झालं. मोठेपणी त्याला यातलं काही नको होतं. हिशेबाच्या यंत्रावर कारकुनी करावी, ट्रामची बदली तिकिटं जमवावी, कुणी ओळखू नये, एवढंच त्याचं मागणं. १९३७ मध्ये न्यूयॉर्कर मासिकाने ‘ते आता कुठे आहेत’ या सदरात त्याला हुडकून काढला, त्याच्या खोलीचं, हसण्याचं, कपड्यांचं वर्णन छापलं. तो कोर्टात गेला. १९४० मध्ये अपील कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला. लेख निर्दय आहे हे मान्य केलं, पण एकदा लोकांच्या नजरेत आलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे जाणून घेण्यात लोकांना रस असणारच, असं म्हटलं. चार वर्षांनी तो वारला, वय सेहेचाळीस. नजरेत आला तेव्हा अकराचा होता, आणि त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

माझ्याही नावाची पाटी होती, छोटीशी. चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात तिसरा आलो म्हणून झेडपीच्या शाळेत हेडमास्तरांच्या खुर्चीमागच्या फळ्यावर ऑइलपेंटने माझं नाव लिहिलं. बारावीला गणितात लटकलो, एक वर्ष घरी बसलो, बापाबरोबर पऱ्हाटीला डवरे मारले. त्या वर्षी कापूस वेचायला येणाऱ्या बाया देखील म्हणायच्या, “बोर्डावरचा पोट्टा हाच ना?” पुढे अमेरिकेला आलो तेव्हा तेच गाव म्हणालं, बोर्डावर होताच तो! मधल्या वर्षी मी कोण होतो ते कुणाच्या हिशेबात नाही. तो फळा निदान एका खोलीत होता. विकिपीडियाचं पान मुलीची सोयरीक जमवणाराही उघडेल आणि नोकरीला घेणाराही.

इथल्या मराठी मंडळींना नावं ठेवायला मी मोकळा आहे असं नाही. स्पेलिंग बीच्या, म्हणजे इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं सांगायच्या अमेरिकेतल्या शर्यतीत २०१९ ला एकदम आठ विजेते निघाले, त्यातले सात भारतीय वंशाचे. तेव्हापासून आमच्या मंडळातल्या आया पोरांना लॅटिन धातू पाठ करायला लावतात. दुसरीतला पोरगा शाळेत तिसरा आला तर स्मरणिकेत त्याचं अर्धं पान. फ्लेक्स फक्त कागदाचा, एवढाच फरक.

पण भाऊचा प्रश्न याने सुटत नाही, आणि तिथे माझ्याकडे खरंच धड उत्तर नाही. ‘भरवशाच्या लोकांनी सविस्तर लिहिलेलं’ म्हणजे मोठ्या पेपरचा माणूस गावात यायला हवा. आमच्याकडे तो येतो कधी? कुणी औषध घेतलं की. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसं मेली तेव्हा कॅमेरे आले होते. मुंबईच्या पोराची मुलाखत इंग्रजी पेपरची पुरवणी घेते, मग तो संदर्भ होतो, मग पान टिकतं. नियम सगळ्यांना एकच, पण तिथवर जायचा रस्ता एकाचा डांबरी आणि एकाचा पांदणीचा. ज्ञानकोशकार केतकर अमरावतीला शिकले, कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि मराठीत तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा केला. त्या वऱ्हाडातल्या पोरीला कोशात जागा नाही याचा भाऊला राग आला तर तो चुकीचा कसा म्हणू? फक्त त्यावर तोड म्हणून नववीतल्या मुलीला पुढे करू नये. मुंबईच्या पोराचंही पान काढा, मी सही करतो.

रागाच्या भरात मी आमच्या गावाचं पान उघडून पाहिलं. ते आहे. ‘हे महाराष्ट्र राज्यातील यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातील एक गाव आहे.’ खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, असे मथळे, आणि त्याखाली कुठल्याही गावाला चालेल असा मजकूर. शाळेचं नाव नाही. शकुंतला रेल्वे याच तालुक्यातून जायची, तिचा उल्लेख नाही. आमचा तान्हा पोळा नाही. मी भाऊला लिहिलं, त्या हौशी पोराला म्हणावं हे भर, मी रात्री बसून संदर्भ शोधून देतो. शाळा कधीची, कुणी बांधली, ग्रामपंचायतीच्या दप्तरात असेल. भाऊने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ आमच्याकडे काहीही होऊ शकतो.

परवा खुद्द पोट्टीशी बोललो. इतक्या दिवसांत तिला कुणीच विचारलं नव्हतं. पान गेलं त्याचं वाईट वाटलं का म्हटलं, तर म्हणाली, “काका, त्याच्यात माह्या आईचं नावच नव्हतं.” मग फ्लेक्सचं विचारलं.

“तो बाबानं आणला ना घरी. सोयाबीनच्या गंजीवर टाकला, पाणी आलं होतं तं. उलटा टाकला, छापील बाजू खाली.”